जाडं कार्ड आणि किडकिडीत कार्ड

एका गावात एक भोळी बाई राहत होती. गावाचं नाव राहू दे, बाईचं सांगते. ती बाई म्हणजे मीच.

आमच्या ह्यांचं बाजारात एका खोलीचं दुकान. दिवसा लोकांचे फॉर्म भरून द्यायचे, संध्याकाळी पोरांना कॉम्प्युटरवर गेम खेळू द्यायचा. मग चौकात एक नवं दुकान निघालं आणि निम्मी पोरं तिकडं गेली. उरलेली तरी टिकावीत म्हणून ह्यांनी रविवारी शेजारच्या गावाशी गेमचा सामना ठेवला. सामन्याचा बोर्ड लावताना शिडीवरनं पडले. पाय प्लास्टरात, फोन दुरुस्तीला.

आणि नेमकं शुक्रवारी रात्री कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड जळालं. हे कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला एक पंखेवाला पत्रा. तो नसला की गेममधली माणसं पडद्यावर येतच नाहीत. सामना नाही झाला तर उरलेली पोरंही चौकात जाणार आणि आमच्या दुकानाला कुलूप लागणार.

तालुक्याच्या दुकानदारानं शनिवारी सकाळच्या एसटीनं दोन जुनी कार्डं पाठवली. चांगलं निघेल ते ठेवा, दुसरं संध्याकाळच्या एसटीनं परत पाठवा, असा निरोप. एक काळं, जाडजूड, दोन पंख्यांचं. दुसरं निळं, किडकिडीत, एका पंख्याचं.

हे खाटेवरनं म्हणाले, "अगं, दुकानात जा. दोन्ही पारखून बघ आणि चांगलं कुठलं ते मला येऊन सांग."

मी मुलीला कडेवर घेतलं, कार्डं पिशवीत टाकली आणि निघाले. पण पारखायचं कसं? वाटेत अंगणवाडी लागली. तिथं बाई दर महिन्याला माझ्या मुलीला काट्यावर ठेवतात आणि सांगतात, वजन भरलंय, बाळ चांगलं आहे. मी दोन्ही कार्डं काट्यावर ठेवली. मुलीलाही ठेवलं, आलेच होते म्हणून. आणि तशीच घरी परत आले.

"अहो, काळं चांगलं! अंगानं भरलंय. निळ्याचं काही खरं नाही, आमटीभात कमी पडलाय त्याला."

ह्यांनी कपाळाला हात लावला. "वजन कशाला करायचं? आकडा बघायचा! कार्ड मशीनमध्ये बसवायचं, गेम लावायचा, पडद्याच्या कोपऱ्यात आकडा येतो. मोठा आकडा ते कार्ड चांगलं."

"असं सांगा की मग!"

मी दुकानात गेले. आधी निळं बसवलं. खाच बघून दाबायचं, टक् वाजलं की सोडायचं, एवढं मला येतं. मग ते काढून काळं बसवलं. त्याचे दोन पंखे असे भणाणले की काय सांगू. एवढं वारं थेट अंगावर! मी मुलीचं दुपटं काढून कार्डावर पांघरलं. टोपरंही घालणार होते, पण बसेना.

कोपऱ्यात बघितलं तर आकडे दोन. त्यातला मोठा धरला. निळ्याला साठ होता, काळ्याला नव्वद. मी पळतच घरी आले.

"अहो, काळंच चांगलं! नव्वद!"

"नव्वद?" हे खाटेवर उठून बसले. "अगं बाई, ते तापमान! तो ताप आहे कार्डाचा! उद्या मुलीला ताप चढला तर पेढे वाटशील का?"

मी आधी मुलीच्या कपाळाला हात लावून बघितला. गार होतं.

"आणि नव्वद झालाच कसा?" हे म्हणाले.

"काय माहीत बाई. दुपटं तर घातलं होतं."

हे हळू आवाजात म्हणाले, "दुपटं काढ. आणि ध्यानात ठेव, लहान आकडा चांगला."

मी लहान आकडा चांगला, लहान आकडा चांगला घोकत गेले. दुपटं काढलं. ताप उतरला, काळं आणि निळं दोन्ही साठावर आली. सारखी झाली म्हटल्यावर मी शेजारचा दुसरा आकडा बघितला. काळ्याला पंचावन्न, निळ्याला बावीस. निळ्यावर गेममधला माणूस चिखलातनं चालल्यासारखा चालत होता. पण आकडा लहान तो लहान. मी काय माणसाची चाल बघायला गेले होते?

"अहो, निळं चांगलं! बावीस!"

"अगं, तो वेग!" ह्यांचा आवाज शेजारच्या वाड्यात गेला. "ताप कमी पाहिजे, वेग जास्त पाहिजे!"

"तुम्हीच म्हणालात, लहान आकडा चांगला."

"माझे आई," ह्यांनी हात जोडले, "आता एसटीची वेळ झाली. मी सांगतो एक आणि तू करतेस भलतंच. आता एकच कर. तुझ्या मनात जे येईल ना, त्याच्या बरोब्बर उलट कर. म्हणजे सगळं नीट होईल."

हे मात्र मला पटलं. इतकं सोपं कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

दुकानात गेले. मनात आलं, वेग काळ्याचा जास्त, काळं ठेवावं. म्हणून निळं मशीनमध्ये घट्ट बसवलं आणि काळं खोक्यात घातलं. एसटी आली. कंडक्टर म्हणाले, "वहिनी, नीट बघून दिलंय ना?" मनात आलं, नाही. म्हणून म्हटलं, "हो."

रविवारी दोन्ही गावची पोरं जमली. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. सामना सुरू झाला आणि गेममधला माणूस चिखलातनं चालायला लागला. उडी मारायला सांगितली की घोटभर चहा होईपर्यंत हवेतच.

"वहिनी, हे काय हो? ह्यापेक्षा आमची म्हैस जोरात पळते," पाहुण्यांतला एक जण म्हणाला. सगळी हसली आणि चपला शोधायला लागली.

मनात आलं, हात जोडावेत आणि म्हणावं, पोरांनो, जाऊ नका रे.

पण ह्यांचा शब्द मोडायचा कसा? मी दार सताड उघडलं आणि म्हटलं, "जा बाळांनो, चौकातल्या दुकानात जा. तिथलं मशीन लई चांगलं आहे. पाहुण्यांनाही न्या."

पोरं गेली. जाताना माझ्या पाया पडून गेली.

मी घरी आले. तेवढ्यात चौकातनं मोठा गलका उठला. शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या. हे खाटेवर ताठ बसले. चेहरा असा खुलला, जसा मुलीला पहिला दात आला तेव्हा खुलला होता.

"काय गं, आपल्याच दुकानातनं येतोय ना हा आवाज?"

मनात आलं, नाही.

म्हटलं, "हो."

"बघ," हे म्हणाले, "एकदा माझं नीट ऐकलंस तर कसं झकास झालं!"