चांदीचे पाट, वेळूचं सूप

एका राज्यात साठी भरली की राजा माणसाला चांदीच्या पाटावर बसवायचा. अंगावर पायघोळ शाल घालायचा आणि हातातलं हत्यार काढून खजिन्यात ठेवायचा. कुंभाराचं चाक गेलं, सुताराचा वाकस गेला. राजा म्हणायचा, "फार कष्टलात. आता बसा." लोक हात जोडायचे.

पाट एका जादूगारानं दिले होते. "यावर बसेल त्याला कधी काम करावं लागणार नाही," असं तो बोलला होता. ते खरंच झालं. बसलेल्याची बोटं एकेक करून पिसं व्हायची. शालीखाली कुणाला दिसायची नाहीत. दहावं बोट गेलं की माणूस पाखरू होऊन खजिन्याच्या छपरावर जाऊन बसायचा. रिकामा पाट बघून लोक म्हणायचे, "सुखानं गेलं हो म्हातारं."

त्या राज्यात येसाई वेळूची सुपं विणायची. तिला पाटावर बसवलं तिच्याच लेकीनं, हौसानं. वेळू चिरायची कोयतीही तिनंच खजिन्यात नेऊन दिली. "आई, हातात कुसळं शिरतात तुझ्या. पुरे झालं. बस आता." पुढं वर्षभर येसाई बोललीच नाही.

वर्षानं हौसाला मुलगी झाली. आजीनं विणलेल्या सुपात निजवल्याशिवाय तिथं लेकराचं नाव ठेवत नसत. हौसानं बाळ आईच्या मांडीवर द्यायला शाल बाजूला केली, तर आठ बोटांची पिसं झालेली. दोनच उरलेली.

कोयती हातात आली तरच बोटं वाचतील, असं हौसाला वाटलं. आई पाखराइतकी हलकी झाली होती. एका खांद्यावर बाळ, एका खांद्यावर आई, अशी ती कोयती आणायला धावत सुटली.

खजिन्याचं पहिलं दार वेळूचं, घट्ट विणलेलं. हौसानं ओढलं तशी वीण आणखी आवळली. बोटं रक्ताळली. बाळ रडायला लागलं, मग तीही रडायला लागली.

छपरावरचं एक करडं पाखरू म्हणालं, "तुझ्यानं नाही उघडायचं. जिला बसवलंस तिला विचार."

हौसानं आईचे पाय धरले. "आई, मला जमत नाही गं. तू दाखव."

येसाईचे ओठ हलले. "ओढू नकोस. शेवटची कामटी कुठं खोचलीय ते बघ." तिनं दोन बोटांनी कामटी सोडवली. दार उघडलं. एक पीस गळालं, तिथं बोट आलं.

दुसऱ्या दारात आग होती. बाजूला पाण्याचं टाकं, राळेचा गोळा आणि पाणी वाहायला नुसती टोपली. "आई, सगळं गळतंय!" "गळणारच. आधी राळ लाव, वेडे." आग विझली. दुसरं पीस गळालं.

तिसऱ्या दाराआड कोयत्यांचा डोंगर. दुसऱ्याची कोयती उचलणारा जागीच दगड व्हायचा. हौसाला सगळ्या सारख्याच दिसल्या. एवढी वर्षं आईच्या हातात बघितलेली, पण ओळखता येईना. येसाईनं डोळे मिटून मुठी चाचपल्या. "ही. हिला माझ्या अंगठ्याचा खळगा पडलाय."

तिसरं पीस गळालं. पुढं गळेना.

तेवढ्यात राजा आला. "चोरी केलीस?"

"माझ्या आईची वस्तू आहे, महाराज. मीच दिली होती. चुकलं माझं."

करडं पाखरू राजाच्या मुठीवर येऊन बसलं. "पहिल्या पाटावर तू मला बसवलंस. रांगोळी काढून माझी पाठ दुखते म्हणालास."

राजा पांढराफटक पडला. "आईसाहेब! तुम्हाला सुख व्हावं म्हणून."

"विचारलं होतंस का कधी?"

राजानं पाट वितळवले, हत्यारं घरोघर पाठवली. पाटावरची माणसं उठली. जेवढी बोटं उरली होती तेवढ्यांनी कामाला लागली. छपरावरची मात्र पाखरंच राहिली.

येसाईनं पाच बोटांनी सूप विणलं. कामटी हौसा धरायची.

"एका अंगाला वाकडं झालं गं."

"असू दे. पुढचं दाखव."

त्या वाकड्या सुपात लेकराचं नाव ठेवलं.

आणि राजा रोज सकाळी अंगणात रांगोळीचा पातळ थर पसरतो. करडं पाखरू उतरतं, पायानं रेघा काढतं. राजा पायरीवर बसून असतो. रेघ समजली नाही की विचारतो, "हे काय, आईसाहेब?" ती सांगते.

त्यांना उशिरा कळलं. तुम्हा-आम्हाला वेळेवर कळो.