काचेतली मुशी

"म्हणजे घरात ठेवायलाच नको होता, असंच ना?"

ऋजुता अजून नीट टेकलीही नव्हती. पुण्याहून मांडीवर सांभाळत आणलेला थर्मोकोलचा खोका तिनं मठाच्या ओटीवर ठेवला आणि झाकण काढलं. आत पाण्याच्या तळाशी हातभर लांबीचा एक शार्क पडून होता. अंगावर करडे पट्टे. कोपऱ्यात सेलवरचा हवेचा पंप गुरगुरत होता.

मठ सांभाळणाऱ्या यमुआक्का सुपातली आमसुलं उलटत होत्या. त्यांनी मान तेवढी वाकवली.

"मुशी ना गो ही?"

"शार्क, आक्का. बांबू शार्क म्हणतात. लहान जात आहे, घरात पाळतात. ह्याचं नाव गुंड्या."

"नाव कुणी ठेवलं?"

"रेवानं. माझ्या लेकीनं."

खाडीच्या तोंडाशी असलेल्या ह्या टेकाडावर ऋजुता लहानपणापासून सुट्टीला यायची. मठात येणारे सगळे आक्कांसमोर मान डोलवत. ही एकटी उलट प्रश्न करी. आक्का तिला वकीलबाई म्हणत आणि तिला ते कौतुक वाटे. पुढे लग्न झालं, मूल झालं, आणि डोक्यातलं ते कोर्ट कधी उठलंच नाही. फिर्यादी तीच, आरोपीही तीच. तारखा मात्र पडत राहिल्या.

"बोला वकीलबाई."

"रेवाच्या वाढदिवसाला दुकानातून अंडं आणलं होतं. चामड्याच्या पाकिटासारखं असतं. ते आमच्या फिशटँकमध्येच उकललं. म्हणजे त्यानं समुद्र पाहिलेलाच नाही. जे पाहिलं नाही त्याची आठवण कशी येणार? दिवसभर तळाशी पडून असतो. खातो, झोपतो. भिंतभर टँक आहे, आक्का. लहानसहान नाही."

"मग बरं आहे की. ठेव."

 ऋजुता तर बोलणी खायला आली होती. रस्ताभर ती बोलणी तिनं स्वतःच तयार केली होती, त्यांची उत्तरंही.

"पण तो वाढतोय ना..." ती म्हणाली. "दुकानदार म्हणाला, टँक असेल तेवढाच वाढतो. मी विश्वास ठेवला. मी! बाळाच्या खिमटीत मीठ घालावं की नाही ह्यावर चार डॉक्टरांना विचारणारी बाई मी. टँक लांब आहे पण अरुंद, आता त्याला धड वळताही येत नाही. अंधार झाला की काचेला नाक घासत फिरतो. बघा, नाकाचं काय झालंय."

नाकाचं टोक सोललेलं होतं. पांढुरकं.

"मग सोड समुद्रात."

"पण तिथं मरेल! त्याला शिकार येत नाही. माझ्या हातून चिमट्यानं कोळंबी खायची सवय आहे."

"मग ने परत."

"आक्का! तुम्ही दोन्हीला हो म्हणताय."

"तू दोन्हीकडून विचारतेस."

खाली ओहोटी लागली होती. खाडीचा चिखल उघडा पडून काळा दिसत होता. त्यात एक होडी कलंडून पडली होती. वाराही पडलेला.

आक्कांनी खोक्यात बोट बुडवलं आणि काढलं.

"पाणी कोमट झालंय. खाली जाऊन ताजं घेऊन ये. माझे गुडघे आता उतरत नाहीत."

"आणते. आधी एवढं सांगा... चूक कुठं झाली? अंडं आणलं तिथं, की आज घेऊन आले ते? कारण रेवाला मी सांगून आलेय, गुंड्याला त्याच्या घरी सोडते म्हणून. दारात उभी राहून हात हलवत होती. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्यावर विश्वास ठेवते, आक्का. आमच्या घरात तेवढी एकच व्यक्ती ठेवते. मी पण नाही ठेवत."

"पाणी आण, बाय."

"हो, पण ते..." ती अडखळली. "ते पाणी नाही चालायचं. किनाऱ्याचं गढूळ असतं. त्यात जंतू, डिझेल, काय काय. मी घरी क्षार मोजून घालते. तापमान बघते. एकदम असलं पाणी घातलं तर त्याला झेपणार नाही."

आक्कांचे हात सुपावरच थांबले. आमसुलांनी बोटं काळी-तांबडी झाली होती.

"कुठं सोडायला आणलास म्हणालीस त्याला?"

"समुद्रा..."



आक्का हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर ऋजुतानं वाद घातला असता. त्यांनी नुसतीच भिंतीला टेकवलेली बादली पायानं तिच्याकडे सरकवली.

ती उठली. कातळात खोदलेल्या पायऱ्या शेवाळानं निसरड्या होत्या. ओहोटीमुळे पाणी लांब गेलं होतं. चिखलात पोटरीपर्यंत रुतत ती पाण्यापाशी पोचली, बादली भरली, अर्धी सांडली, पुन्हा भरली. वर येताना तिच्या मनात एकही मुद्दा नव्हता. कितीतरी वर्षांनी डोकं गप्प होतं. पळ, एवढंच काय ते ऐकू येत होतं.

ओटीवर पोचली तेव्हा पंप गुरगुरतच होता.

गुंड्या उताणा झाला होता. पोट पांढरं. पंपाचे बुडबुडे लागून अंग जरासं हलायचं, म्हणून क्षणभर तिला जिवंत वाटला.

तिनं ताजं पाणी घातलं. हातानं त्याला सरळ केलं, कल्ल्यांपाशी पाणी ढवळत राहिली. सोडलं की तो पुन्हा उताणा व्हायचा. सरळ केलं... पुन्हा उताणा.

आक्कांनी हात लांब करून पंप बंद केला.

फार शांत झालं.

"मी त्याला घरी ठेवला असता तर..." ऋजुता म्हणाली.

आक्कांनी सूप बाजूला सारलं.

"किंवा आल्याआल्या खाली नेऊन सोडला असता तर..."

आक्कांनी बोटं पदराला पुसली.

ती रडायला लागली. रडतानाही तिला वाटत होतं, आपण जरा जास्तच रडतोय का, की कमी.

आक्का भिंतीला धरून उठल्या. परसातून केळीचं पान आणलं. शार्कला खोक्यातून दोन्ही हातांनी उचललं, ओल्या पोराला उचलावं तसं मानेखाली हात घालून. पानावर निजवला, पान दुमडलं, केळीच्याच सोपट्यानं बांधलं आणि तिच्यापुढे धरलं.

"खालच्या वाडीत गंगूच्या सुनेकडे जा. ओली बाळंतीण आहे. अंगावर दूध उतरत नाही तिच्या. मुशीचं कालवण पोटात गेलं की उतरतं. ताजी आहे तोवर जा."

ऋजुतानं हात मागे घेतले.

"कालवण? आक्का, हा गुंड्या आहे. रेवाचा... त्याला नाव आहे, आक्का!"

आक्कांनी पुडा तिच्या ओंजळीत ठेवला.

"तिच्या बाळाला अजून नाही."