साहेबांच्या घराची किल्ली

विद्याधर करमळकर गावातल्या बँकेचे मॅनेजर होते. माणूस हुशार, पण खुर्चीत बसले की त्यांना शेजारीही ओळखू येत नसत. एकराच्या आत जमीन असणाऱ्याने पीककर्जासाठी मोठा बागायतदार जामीन आणायचा, हा नियम त्यांनीच काढला होता आणि बँकेचा म्हणून ते सांगत होते.

एका शनिवारी शेजारच्या चंद्राबाई कोळपे अर्ज घेऊन आल्या. वीस गुंठ्यांत कांदा लावायचा होता. रोपं तयार होती, खताला पैसे नव्हते.

"जामीन कुठाय?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"मोठं माणूस माझ्यासाठी सही करत नाही, साहेब."

"मग वीस गुंठेवालीवर भरवसा कसा ठेवायचा?"

रांगेतली माणसं हसली. चंद्राबाईंनी कनवटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"खरंय. मग ही तुमच्या घराची किल्ली घ्या. दर शनिवारी पुण्याला जायचं म्हणून सकाळीच माझ्याकडे देता, कपाटसुद्धा उघडं टाकून. आजपासून एखाद्या बागायतदाराकडे देत जा."

हसू जागच्या जागी थिजलं. साहेबांचे कान तापले. त्यांनी अर्जावरची जामिनाची ओळ स्वतःच्या हाताने खोडली, खाली सही केली आणि किल्ली हळूच पुढे सरकवली.

"मावशी, एवढी ठेवाल ना?"

खुर्चीत बसून साहेबांनी त्यांना मावशी म्हटलं ते पहिल्यांदाच.

"ठेवीन की," चंद्राबाई म्हणाल्या, "पण साहेब, तुमचा जामीन कोण?"

साहेबांची मान काही वर झाली नाही.