कडेची ओळ

एकदा एका धाकट्या भावाने बहिणीच्या दहाव्याला जमलेल्या साऱ्यांना विचारले, "ताई चार दिवस गावी आली होती. ताप आम्हा दोघांना एकाच दिवशी आला. पाणी एकाच घागरीतलं, औषध एकाच डॉक्टरचं. मग तीच का गेली?" कोणी नदीकडे पाहिले, कोणी पिंडाकडे. कावळा शिवला, माणसे घरी गेली. 

बहीण शिकलेली होती. दूरच्या एका भात संशोधन केंद्रात, एका वृद्ध आचार्यांच्या हाताखाली ती करपा रोगाचा अभ्यास करी. करप्यात भाताच्या पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडतात, कडेने तपकिरी, मध्ये राखी. ठिपक्याला ठिपका मिळतो आणि उभे रोप आगीची झळ लागल्यासारखे वाळते. भाऊ चौथीत शाळा सोडून शेतात राबत होता. ती त्याला हसून 'पंडित' म्हणे. दर वर्षी ती त्याच्याकडून मोगरसाळीचे बी मागून नेई. मोगरसाळ हे त्यांच्या घरचे सुवासिक भात.

"एवढी शिकली, पण बी माझंच लागतं तिला," असे तो गावभर सांगे. आणि तिला विचारी, "माझंच का गं, ताई?"

"तुझ्यासारखं बी दुसऱ्या कुणाकडं नाही, पंडित," एवढेच ती म्हणे.

तेरावा आटोपला तसा तो तिचे सामान आणायला केंद्रावर गेला. आचार्य जागेवर नव्हते. कामावरच्या एका बाईने त्याला बहिणीचा वाफा दाखवला. मधल्या ओळी हिरव्यागार होत्या. पण चारी कडांची रोपे करप्याने पार भाजून निघाली होती. ते पाहून भावाच्या डोक्यात तिडीक गेली. ती काय गेली, तिच्या पिकाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही! कोणालाही न विचारता तो खाली बसला आणि रोगट रोपे मुळासकट उपटू लागला.

"अवो भाऊ, थांबा! सरांना तरी येऊ द्या," बाई म्हणाली.

"सर कशाला हवेत? बहीण माझी मेली, हात तुमचे मेले काय?"

बाईचा चेहरा उतरला. ती आचार्यांना शोधायला धावली.

ते आले तेव्हा वाफ्याच्या कडा स्वच्छ झाल्या होत्या आणि भाऊ ढीग पेटवायला काडेपेटी शोधत होता.

"तूच का पंडित?" आचार्यांनी विचारले.

"होय. रोग काढून टाकला सगळा. जिवंतपणी तिच्या काही कामी आलो नाही. म्हटलं, एवढं तरी करावं."

आचार्यांनी त्या ढिगाकडे पाहिले. मग गुडघे टेकून बसले, विळा घेतला, रोगट पाने बारीक चिरली आणि मधल्या हिरव्या रोपांवर अक्षता टाकाव्यात तशी टाकू लागले.

भावाने त्यांचे मनगट धरले. "म्हातारबा, डोकं ठिकाणावर आहे का? माझ्या बहिणीच्या भातावर रोग टाकताय?"

"आधी स्वतःचा हात हुंगून बघ," आचार्य म्हणाले.

त्याने हात नाकाशी नेला. चिखलाच्या वासाखाली मोगरसाळीचा वास होता. ज्या साळीत तो लहानाचा मोठा झाला, ती करपलेली असताना त्याला ओळखता आली नव्हती.

आचार्यांनी सांगितले, "मधल्या ओळी तिने निर्माण केलेल्या नव्या भाताच्या आहेत. ते करप्यात तग धरते का, याची यंदा अखेरची परीक्षा आहे. रोग चहूबाजूंनी सारखा यावा म्हणून कडेला सर्वांत आधी करपणारे भात लावतात. तुझ्या मोगरसाळीइतके लवकर करपणारे आम्हांला दुसरे सापडले नाही. कडेची ओळ काढली की मधली रोपे हिरवीच राहणार. पण ज्या रोपाकडे रोग आलाच नाही, त्याचे हिरवेपण कसले? तेच बी उद्या कोणाच्या शेतात जाऊन उभे जळेल."

"म्हणजे सगळ्यांत दुबळं म्हणून नेत होती ती माझं बी?"

"होय."

"आणि मी गावभर मिरवत होतो."

भावाला मान वर करवेना. आचार्यांनी मधल्या ओळीतल्या रोपाचे एक पान तोडून त्याच्या तळहातावर चुरगाळले. तोच वास आला.

"हे मोगरसाळीचेच लेकरू आहे," ते म्हणाले. "ती मला म्हणायची, 'सर, माझा भाऊ ही साळ सोडायचा नाही, आणि सोड असं माझ्या तोंडून निघायचं नाही. तिचा वास राहील आणि करपा लागणार नाही, असं काही त्याला करून देते.'"

भावाने हळूच विचारले, "आचार्य, ताप दोघांना आला होता. दुबळा तर मी. मग तीच का गेली?"

आचार्यांनी विळा खाली ठेवला. "भाताचे मला थोडे कळते, बाळ. माणसाचे नाही."

भाऊ उठला. आधी तो त्या बाईकडे गेला आणि म्हणाला, "मावशी, मघाशी मी तोंडाला येईल ते बोललो. चुकलो." ती म्हणाली, "बहिणीवानीच तापट हायेस," आणि पदराने डोळे पुसून कामाला लागली.

तो गावी जाऊन घरातले मोगरसाळीचे होते नव्हते तेवढे बी घेऊन आला. करप्याला मानवणारे धुक्याचे दिवस अजून सरले नव्हते. मोकळ्या केलेल्या कडांवर त्याने ते आपल्या हाताने पेरले. संध्याकाळी ढिगातली उरलेली रोगट पाने बारीक चिरली आणि आचार्यांनी दाखवले होते तशी बहिणीच्या हिरव्या रोपांवर टाकली, एकही ओळ न सोडता. मग रोग रुजायला रात्रभर ओल राहावी म्हणून ओले गोणपाट घेऊन, झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये अशा बेताने, त्याने तो वाफा पांघरला.