खारट पाटे

काळ्या डोंगराच्या पायथ्याशी एका गावात येसाजी नावाचा पाथरवट राहत होता. पाटे, वरवंटे, जाती, गुरांना पाणी पाजायच्या डोणी, सगळं तो घडवायचा. त्याच्या हातचा पाटा नाही असं घर त्या गावात नव्हतं. माणूस कष्टाळू, शब्दाला पक्का. एकच गोष्ट त्याला खपत नसे, ती म्हणजे रडणं. तो बारा वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. तेव्हा चुलत्यानं त्याला दटावलं होतं की पुरुषाच्या जातीनं डोळ्यांत पाणी आणायचं नसतं. ते त्यानं कायमचं मनावर घेतलं.

येसाजी आणि त्याची बायको द्रुपदा यांना एकच मुलगी होती. सगुणा तिचं नाव, वय सात. मार्गशीर्षात तिला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तिला माती देऊन येसाजी घरी आला, तेव्हा आळीतल्या बाया दारात जमल्या होत्या. द्रुपदेला जवळ घ्यायचं, तिच्या गळ्यात पडून रडायचं आणि तिलाही रडवून मोकळं करायचं, अशी तिथली रीत. येसाजीनं सगळ्यांना दारातूनच परत पाठवलं. मग तो बायकोला म्हणाला, "या घरात कुणी रडायचं नाही. तिचं नावही काढायचं नाही."

द्रुपदेनं तोंडात पदर कोंबला. येसाजी कठोर नव्हता, भ्यालेला होता. दगडाला एकदा चीर गेली की तो पुन्हा सांधत नाही, हे तो रोज बघत होता. आपलंही तसंच होईल, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत तो खाणीवर हजर होता.

पंधरा दिवसांनी त्याचे डोळे खुपायला लागले. दगडाची कच डोळ्यांत उडणं पाथरवटाला नवं नाही. डोळ्यांत पाणी येतं आणि कच वाहून जाते. आता पाणीच येईना. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. चुलीचा धूर लागला, शेजारी बसून कुणी कांदा चिरला, तरी डोळे कोरडे ते कोरडेच. वैद्यानं पापणी उलटून पाहिली. त्यानं समजावलं की माणूस रडत नसतानाही त्याचा डोळा ओला असतो, पापणी लवते तेव्हा ते पाणी डोळ्यावरून फिरतं आणि त्याला धुऊन काढतं. येसाजीचं ते पाणीच आटलं होतं. असंच चाललं तर नजर जाईल, एवढं सांगून त्यानं डोळ्यांत घालायला तूप दिलं. तुपानं घटकाभर गार वाटायचं, मग पुन्हा आग.

आणि मग ते सुरू झालं.

एके दिवशी भर उन्हात सुतारीण आपला पाटा डोक्यावर घेऊन आली. अंगणात तो उतरवला आणि परत निघाली. येसाजीनं विचारलं, पाटा गुळगुळीत झालाय का, टाकी लावायची आहे का. ती मान खाली घालूनच म्हणाली, "टाकी नको. मीठ न घालता वाटण खारट होतंय, येसाजीदादा."

ती गेल्यावर त्यानं पाट्यावर हात ठेवला. दगड उन्हानं तापला होता, पण हाताला ओल लागली. त्यानं बोट जिभेवर टेकवलं. खारट.

दुसऱ्या दिवशी तीन पाटे आले. मग जाती आली. पाटलांच्या गोठ्यातल्या डोणीला बैल तोंड लावेनात, म्हणून चार गडी ती डोणही आणून ठेवून गेले. आठवड्याभरात अंगणात दगडांचा ढीग झाला. सगळे त्याच्याच हातचे. दिवसभर ते उन्हात तापायचे, पण वाळत नव्हते.

दुपारी गाव जेवून आडवं झालं की त्या ढिगातून हुंदके ऐकू यायचे. आधी एका दगडातून, मग त्याच्या शेजारच्या दगडातून. कुणी तोंड दाबून रडावं, तसे. येसाजी दार उघडून बाहेर आला तरी ते थांबत नसत. पुढं पुढं खाणीतही तसंच व्हायला लागलं. बरोबरचे पाथरवट हातोडे थांबवून एकमेकांकडे बघायचे. येसाजीकडे कुणी बघत नसे.

कुणीतरी करणी केली, असं येसाजीनं ठरवलं. पलीकडच्या गावातून देवऋषी आणला. तो अंगणाच्या कडेला उभा राहिला, कान देऊन ऐकलं, एकदा येसाजीच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढं केलेला नारळ न घेताच परत फिरला.

त्या दिवशी येसाजीचा धीर संपला. त्यानं घरातून मोठा घण आणला. नजर इतकी अंधुक झाली होती की ढीग त्याला नुसता काळा डाग दिसत होता. त्यानं आवाजाच्या रोखानं घण घातला. एका पाट्याचे दोन तुकडे झाले. दगड आतून भिजलेला होता. आणि जो हुंदका इतके दिवस दबून येत होता, तो आता मोठ्यानं, गळा काढून यायला लागला.

त्यानं पुन्हा घण उचलला. द्रुपदा मधे येऊन उभी राहिली.

"किती फोडाल?" ती म्हणाली. "आधी ऐका तरी. हा आवाज कुणाचा आहे?"

"भुताचा. करणीचा. मला काय ठाऊक?"

"साऱ्या गावाला ठाऊक आहे. तुमच्या तोंडावर कोण बोलणार? महिनाभर मी रोज दुपारी ऐकतेय. तुमचा आवाज आहे हो."

येसाजीनं घण खाली टेकवला आणि पहिल्यांदाच नीट कान दिला. खोकला दाबताना, ओझं उचलताना त्याच्या स्वतःच्या घशातून निघायची तीच घरघर त्या दगडातून येत होती. आणि प्रत्येक हुंदक्याबरोबर तो आवाज एकच नाव घेत होता, जे त्यानं घरात घ्यायला बंदी केली होती.

तो घणाशेजारी जमिनीवर बसला. त्याच्या तोंडून तेच नाव निघालं. "सगुणा."

तो रडायला लागला, पण डोळ्यांत टिपूस येईना. नुसता कोरडा, खरवडल्यासारखा आवाज. द्रुपदा घाबरली. तिनं शेजारच्या म्हाळू सुईणीला हाक मारली. म्हातारीनं येसाजीचं डोकं मांडीवर घेतलं.

"भिऊ नको, पोरी," ती म्हणाली. "नुकतं जन्मलेलं पोर असंच कोरडं रडतं. पाणी मागाहून येतं. माणूस ओळखू यायला लागला की येतं."

तीन दिवस तो तसाच कोरडा रडला. आळीतल्या बाया आल्या, या वेळी त्यांना कुणी अडवलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी द्रुपदा सगुणेचा परकर छातीशी धरून हमसाहमशी रडत होती. येसाजी तिच्या शेजारी जाऊन बसला, आणि त्याच्या गालावरून कढत पाणी ओघळलं. त्या पाण्याबरोबर इतक्या दिवसांची कच बाहेर आली.

अंगणातले दगड एकेक करून गप्प झाले. उन्हात वाळून पांढरट पडले. बाया आल्या आणि आपापले पाटे घेऊन गेल्या. येसाजीचा उजवा डोळा बरा झाला. डाव्याला मात्र उशीर झाला होता, त्याची नजर परत आली नाही. फोडलेल्या पाट्याचे तुकडे त्यानं ओढ्यापलीकडे नेऊन टाकले. तिथं गुराखी अजून शेळ्या नेत नाहीत. त्या गेल्या तर दगड चाटत बसतात आणि हाकलल्या तरी हलत नाहीत.

तात्पर्य: जे रडू माणूस स्वतः रडत नाही, ते त्याच्या जवळच्यांना रोज ऐकावं लागतं, म्हणून दुःख गिळू नये, आपल्या माणसांत बसून रडून घ्यावं.