धुरपाबाईची मूठ

ऐका तर. फार वर्षांपूर्वी, आमच्या बोरखळीला वेससुद्धा नव्हती, तेव्हा गावाच्या तोंडाशी धुरपा भडभुंजीण भट्टी लावायची. तापल्या वाळूत जोंधळा टाकायची आणि पाटीभर लाह्या करून द्यायची. मजुरी म्हणून पाटीमागं एक मूठ दाणे ठेवून घ्यायची. तिच्या वाळूला माणसाचं मन कळायचं, असं म्हणतात.

नागपंचमीला आठ दिवस उरले होते. पाटलाची सून चांगुणा दाणे घेऊन आली, पण डोक्यावरची पाटी उतरवायला तिचा हात वर जाईना. धुरपाबाईनं पदर सारून पाहिलं. खांदा काळानिळा झाला होता.

"कुणी केलं ह्ये?"

"घरधन्यानं. रोजचंच हाय. माहेरात कुणी उरलं न्हाई मावशे, जाऊ कुठं?"

"हितंच ऱ्हा. माझ्या मुठीत दोघींचं भागंल."

दुसऱ्या दिवशी पाटील दारात उभा. "सून धाड. न्हाईतर गावातला एक दाणा तुझ्या भट्टीवर यायचा न्हाई."

गावचे शहाणे पारावर बसून ऐकत होते. एकही जागचा उठला नाही. मला त्यांचा अजून राग येतो.

धुरपाबाई म्हणाली, "दाणं ऱ्हाऊ द्या घरात. लेक जाणार न्हाई."

ते दिवस दोघींनी भाजीपाल्यावर काढले. पंचमीच्या आदल्या दिवशी गावानं घरोघरी खापरी तापवली, पण जोंधळा फुटेना, नुसता करपला. पाटलाच्या घरी तर दाण्यांचा कोळसा झाला, असं म्हणतात. लाह्यांवाचून नागोबा कसा पुजायचा?

तेव्हा पाटलीणबाई उठली. कधी उंबरा न ओलांडलेली ती बाई भर गावातून पाटी घेऊन भट्टीवर आली. मागोमाग साऱ्या बायका.

"मीबी ह्येच सोसलं," ती सुनेला म्हणाली. "मला कुणी भट्टी दावली न्हाई."

मग जोंधळा असा फुटला, की लाह्यांनी छप्पर पांढरं झालं. त्या दिवशी प्रत्येकीनं दोन मुठी ठेवल्या. एक मजुरीची, एक पुढं येणारीची.

चांगुणा परत गेली नाही. तिनं भट्टीशेजारी खोली बांधली.

आता भट्टी नाही, खोली आहे. तिच्या दाराला कडी फक्त आतून. दर पंचमीला घरोघरी धुरपाबाईची मूठ निघते, कुणी दाणे देतं, कुणी नोटा. खोलीत आलेल्या बाईचं वर्ष त्यावर निघतं. पहिली मूठ पाटलांच्याच घरची. ती दिल्याशिवाय त्यांच्या खापरीत जोंधळा फुटत नाही, असं म्हणतात.

मी म्हणते, न देता बघाच एकदा.