जुन्या प्रोसेसरची पंगत

"…म्हणजे बिघडलेत का ते कॉम्प्युटर?"

महाराजांनी भातात आमटी कालवत विचारलं.

"बिघडले नाहीत हो," रत्नपारखी म्हणाले. "चालतात. पण प्रोसेसर जुना. नवी विंडोज चढवायला गेलं की सरळ नकार."

रत्नपारखी म्हणजे मठाच्या ट्रस्टचे सचिव. रिटायर्ड इंजिनिअर. समोरचा अडाणी आहे हे धरूनच बोलायची सवय. मठाच्या शाळेतले सगळे कॉम्प्युटर भंगारात काढायचं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. टेम्पो दारात उभा. फक्त महाराजांचा होकार बाकी होता, आणि तो मागायला या गृहस्थाला भरली पंगतच सापडली.

"मुलींची टायपिंगची परीक्षा आलीय. त्या कशावर शिकणार?"

"नवे येतील की. देणगीदार बघू."

"केव्हा?"

"…बघू ना."

समोरून दिघे वकील करवादले, "विंडोज सोडा, लिनक्स टाका म्हणून कधीचा ओरडतोय मी! जुन्या मशीनवरसुद्धा पळतं. वर फुकट."

"तुम्हाला फुकटचंच सुचणार."

"आणि तुमची ती विंडोजवाली कंपनी म्हणेल ती पूर्व दिशा!"

साठी उलटलेले दोन बाप्ये शितं उडवत भांडले. वर्षभर हेच चाललं होतं. वयाबरोबर शहाणपण येतं म्हणतात. इथं फक्त आवाज चढला होता. मुलींच्या वर्गात दोघांपैकी एकही कधी फिरकला नव्हता.

महाराज जेवत राहिले.

"तुम्हीच सांगा महाराज," रत्नपारखी म्हणाले, "जुन्याला सांभाळत बसलं तर नव्यानं पुढं जायचं कसं? जो मागं पडला, त्याच्यासाठी बाकीच्यांनी का खोळंबायचं?"

"खोळंबू नये?"

"मुळीच नाही."

"कुणासाठीच?"

"कुणासाठीच नाही! एकदा सवलत दिली की संपलं."

"…बरं."

महाराजांनी पाण्याचा घोट घेतला. आणि उठले.

पंगत जागच्या जागी गारठली.

सगळ्यात सावकाश जेवणाऱ्याचा शेवटचा घास होईपर्यंत महाराज पानावरून हलत नसत. मठाची रीतच होती ती. आणि महाराज उठले की पुढचा घास घ्यायचा नाही, पान भरलेलं असलं तरी.

दिघ्यांचा हात तोंडाशी आला तिथंच थांबला. वाढपी आमटीची बादली धरून तसाच वाकलेला.

पंगतीच्या टोकाला रत्नपारख्यांचे वडील बसले होते. अण्णा. नव्वदीचे, तोंडाचं पार बोळकं झालेलं. दुधात कुस्करलेली पोळी आत्ता कुठं ओठाला लागली होती. त्यांनी उभ्या महाराजांकडे पाहिलं. बोटांतला घास हळूच पानात ठेवला. मग मुलाकडे बघितलं, आणि बघतच राहिले.

रत्नपारख्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"महाराज… हे काय करताय? … अहो, अण्णा जेवतायत अजून! उपाशी उठतील ते!"

महाराज हात धुवायला वळले होते. मागं न बघता म्हणाले,

"त्यांना म्हणावं, नवे दात घेऊन या."